भोंगा न वाजता आलेलं पाणी

कोकण,
२० जानेवारी २०२५

ती. बाबा आणि आईस,
तृप्तीचा सप्रेम जयभीम.

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येते अन् उरलेलं आई सांगत नाही, म्हणून पत्र. इथल्या दवाखान्यातली माझी नर्सची नोकरी पक्की झाली. आता तरी समुद्र पाहायला या. त्याचा दुसरा काठ दिसते का, हे आई मले लहानपणापासून विचारून राहिली.

इथं खडकांआड एक लहानशी पुळण आहे, सारी वाळूच वाळू. ओहोटीत खडकाला वळसा घालून चालत जाता येते. भरतीत वाटच बुडते. घरमालकीण काकू तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. सोळा फेब्रुवारीला रविवार अन् चतुर्थी. म्हणजे चाराची पाऊणपट, भरती दुपारी तीनला, ओहोटी सकाळी नवाच्या सुमारास. अकराच्या आत परतायचं.

बाबा, गाव धरणात गेल्यापासून तुम्ही पाण्याकडे पाठ करून बसता, मले माहीत आहे. पण तुमच्याशिवाय आई येणार नाही. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
तृप्ती


नवी वस्ती, ता. पवनी,
२ फेब्रुवारी

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

मले पाणी पाहायची हौस नाही. गावात शिरलं ते पाहून झालं. पण तुझी आई चार दिवसांपासून बोलत नाही, भाजीतलं मीठ तेवढं बोलून राहिलं. म्हणून तिकिटं काढली. लाखोळीची डाळ आणतो.

पाणी यायच्या आधी भोंगा किती वेळ वाजवतात, ते तू लिहिलं नाहीस. इथं धरणाची दारं उघडायच्या आधी वाजवतात. तिथंही वाजवतच असतील म्हणा.

स्टेशनवर घ्यायला ये, आशीर्वाद सोबत घेऊनच येतो.

तुझा बाबा,
केशव


कोकण,
२४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

घरी पोहोचल्याचा आईचा फोन आला अन् जीव भांड्यात पडला.

बाळंतपणाची केस आली म्हणून तुम्हाला पुळणीवर सोडून मी दवाखान्यात धावले. अकराच्या आत निघा, एवढंच बजावलं. तुमची भोंग्याची ओळ वाचून हसले होते. उत्तर लिहायचं राहून गेलं. समुद्राले भोंगा नसतो, बाबा. साडेबाराला परत आले, तर मधे पाणी अन् पलीकडे उंच खडकावर तुम्ही दोघं, त्यात आईचे दुखरे गुडघे. ओहोटीत वाट उघडी पडेपर्यंत पाच तास मी इकडे रडत उभी होते.

त्यानंतर जाईपर्यंत तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. रागावला असाल तर लिहा, मी ऐकेन. पण आता पाण्याजवळ कधीच येणार नाही, असं मात्र लिहू नका. चूक पोटात घाला.

तुमची,
तृप्ती


नवी वस्ती,
३ मार्च

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

पोरी, मी कायले रागावू? सांगायचं राहिलं ते लिहितो.

तू गेल्यावर तुझ्या आईनं विचारलं, आपलं घर विहारापासून किती पावलं होतं. मी काडी घेतली अन् वाळूवर अख्खं जुनं गाव काढलं. विहार, बोडीचं तळं अन् त्याची पाळ, चिंचेखालचं आपलं आंगण. तुझी आई धुरपता चुका काढत गेली, मी भांडत गेलो. अकरा कधी वाजले कळलं नाही, अन् भोंगा काही वाजला नाही.

पाणी आधी बोडीत शिरलं, मग विहारात, मग घरात. आम्ही खडकावर चढलो. तिथं मी लहान लेकरासारखा रडलो. दुसऱ्यांदा पाहवलं नाही. तुझ्या आईनं हात धरला अन् म्हणाली, थांबा, पोरगी म्हणाली ना, पाणी जाते म्हणून.

अन् गेलं. वाळूवर घर राहिलं नव्हतं, पण जमीन होती. ओली, पाय ठेवता येईल अशी. तुझ्याशी बोललो असतो तर पुन्हा रडू फुटलं असतं, म्हणून गप्प होतो.

काल तुझ्या आईले घेऊन धरणाच्या काठी गेलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाव जिथं आहे तिकडं तोंड करून बसलो. दिवस बुडेपर्यंत पाणी बोटभर सरकलं नाही. धुरपता म्हणाली, हे काही जात नाही. मी म्हटलं, नाही जात. आपणच येत जाऊ.

काकूले पुढच्या ओहोटीची वेळ विचारून ठेव. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
बाबा