न विसळलेली बाटली

दि. ५ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

मनी जानेवारीपासून तुमच्याकडे आहे, तिला आता पाचवा महिना लागलाय आणि जावई जहाजावरून परतेपर्यंत ती तिथंच राहणार, हे सगळं तू तीन ओळींत उरकलंस. नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी डकवावी तसं पत्र लिहितोस! लहानपणी मासा दिसला की फतकल मारून बसायची म्हणून आपण तुझ्या लेकीला मनी म्हणायला लागलो. ती आता आई होणार, हे मला अजून खरंच वाटत नाही.

आता कामाचं. फेब्रुवारीत तू पाणथळीचं पाणी भरून पाच प्रयोगशाळांना सारख्या बाटल्या पाठवल्यास. प्रत्येकीनं त्यातला पारा मोजायचा आणि मग आकडे शेजारी ठेवून कुणाचं मोजणं कसं आहे ते बघायचं, असं ठरलं होतं. आकडे काल आले. चौघींचे तीन, चार, चार आणि पाच. आमचा, म्हणजे माझ्या हातचा, एकोणीस. लिटरमागे एवढे नॅनोग्रॅम. हे माप चिमटीतसुद्धा यायचं नाही, पण बाराच्या वर धोका अशी रेघ पाणथळीच्या समितीनं आखून ठेवली आहे. अठ्ठावीसला समिती बसेल. माझा आकडा चुकीचा म्हणून खोडला, की पाणी सुरक्षित आणि मासे खायला मोकळे.

मी तीनदा मोजलं, दादा. एकोणीस, एकोणीस, अठरा. मला झोप लागत नाही ती नोकरीच्या काळजीनं नव्हे. पाण्यातला एवढासा पारा माशाच्या अंगात कित्येक पटींनी साठतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो फार वाईट. निकाल लागेपर्यंत मनीच्या ताटात तिथला मासा नको, एवढं माझं ऐक. आणि त्या दिवशी बाटल्या कशा भरल्यास ते पायरीपायरीनं लिही. तुमच्याकडे फोन लागत नाही, तेव्हा नमुन्यांच्या गाडीवाल्याबरोबरच उत्तर पाठव.

वहिनीला नमस्कार, मनीला पापा. लोभ आहेच, पत्र मात्र लांब असू दे.

तुझी,
मुंगी


दि. ९ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

लहान असताना कडकडून चावायचीस म्हणून तुझं नाव मुंगी पडलं. पन्नाशी उलटली तरी चावणं गेलं नाही. चार जणी एक सांगतात, तू एकटी भलतंच सांगतेस, आणि उलटतपासणी माझी! पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथं चार मुखं तरी एक झाली आहेत. आधी यंत्र तपास, मग चष्म्याचा नंबर तपास, आणि मग भावाकडे वळ.

पायरीपायरीनं हवंय ना, घे. पहाटे वारा पडला होता तेव्हा होडी काढली. वल्ही आणि दोर होडीवाल्यानं सांभाळले. बाटलीला हात फक्त माझा, तोही कोऱ्या हातमोज्यांतला. शहरातून आलेल्या बाटल्या मात्र अगदी गबाळ्या होत्या. प्रत्येकीच्या तळाशी चमचाभर आंबूस वासाचं पाणी राहिलेलं. बाटली धुऊन वाळवायची अक्कल नाही आणि निघालेत पारा मोजायला! मी ते ओतून टाकलं, पाणथळीच्याच पाण्यानं प्रत्येक बाटली तीन-तीनदा विसळली, काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट लावलं. बरोबर एक छापील कागद होता. एकतीस वर्षं जे काम करतोय त्याचा कागद काय वाचायचा? मे महिन्यात निवृत्त होतोय आणि आजवर माझा एक नमुना बाद झालेला नाही, हे तुझ्या साहेबांना सांग.

आणखी एक. रिकाम्या बाटल्या परत कराव्यात, असं मी प्रत्येक पेटीवर ठळक अक्षरात लिहितो. चौघींच्या पेट्या आल्या, तुझीच नाही आली. त्या येत्या शनिवारी धुऊन ठेवीन.

मनीला मासे खायला डॉक्टरांनीच सांगितलंय. मी कामावरून येईपर्यंत मायलेकी जेवून घेतात, आणि तुझी वहिनी हल्ली मला दोन तुकडे जास्तच वाढते. म्हणजे घरात मासा भरपूर आहे, काळजी नसावी.

तुझा पारा उतरला की लिही. आशीर्वाद आहेतच.

दादा


दि. १२ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून होईपर्यंत त्या बाटल्यांना हात लावू नकोस. धुऊ नकोस, पुसू नकोस, झाकणं उघडू नकोस. गाडीवाल्याला मी विनवलंय की दुसरीकडे कुठंही न थांबता आधी तुझ्याकडे जा.

दादा, ते आंबूस पाणी घाण नव्हतं. ते आम्ल होतं, मोजून घातलेलं. पाऱ्याला वाईट खोड आहे. आम्ल नसेल तर तो पाण्यात राहत नाही, बाटलीच्या भिंतीला जाऊन चिकटतो. तू जुन्या रिवाजानं बाटल्या विसळल्यास आणि पाऱ्याला धरून ठेवणारी गोष्टच ओतून दिलीस. त्या चौघींनी बाटलीतलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून मग त्यात पारा सुटा करणारं औषध घातलं. पाणी त्यांच्याकडे गेलं आणि पारा बाटलीतच राहिला. मी औषध आल्या बाटलीतच घालते आणि एक दिवस तशीच ठेवते. इथले आणि त्या चार प्रयोगशाळांतले सगळे माझ्या या जुनाट पद्धतीला हसतात. पण त्यामुळेच भिंतीला चिकटलेला पारा परत पाण्यात उतरला.

म्हणजे एकोणीस खरे आहेत. पण ते सिद्ध करायला त्या चौघींच्या रिकाम्या बाटल्या हव्यात, जशाच्या तशा. त्यांच्या भिंतींवर पारा अजून असणार. आणि बाटल्या तू विसळल्या होत्यास, हे तुला समितीला लेखी द्यावं लागेल. मला माहीत आहे मी काय मागतेय. तुझ्याकडे हे मागताना मला रडू येतंय.

उत्तराची वाट बघते.

मुंगी


दि. १६ मार्च

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

पत्र शनिवारीच मिळालं. मी बाह्या सरसावून मोरीत उभा होतो. तीन पेट्यांमधल्या बाटल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या आणि चौथी पेटी उघडणार तेवढ्यात गाडीवाला आला. ती तशीच फळीवर ठेवली आहे.

ती पाठवायची की धुवायची, ते मी ठरवलेलं नाही. खोटं कशाला लिहू. तुला काय, तू आकडे मांडून मोकळी झालीस. मला इथं काठावरच्या माणसांत राहायचंय. ज्यानं एकतीस वर्षं पाणी भरलं त्यालाच पाणी भरता येत नाही, हे मी स्वतःच्या अक्षरात लिहून देऊ? विसळायला मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं. त्या वेळी तेच बरोबर होतं, तेव्हा बाटल्या कोऱ्या यायच्या. रीत बदलली हे मला कुणी येऊन सांगितलं नाही, नुसता कागद पाठवला.

मनी ठणठणीत आहे. बाळ लाथा मारतंय. चार आकडे खरेही असतील. तूही माणूसच आहेस, तुझ्याही हातून चूक होऊ शकते.

जास्त काय लिहू?

दादा


दि. २० मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्याही हातून चूक झाली आहे, आणि ती मी काल साहेबांना सांगितली. पेटी आली की प्रत्येक बाटलीत आधी आम्लाची पट्टी बुडवून बघायची, असा आमचा नियम आहे. पेटीवर तुझं अक्षर दिसलं आणि मी पट्टी बुडवलीच नाही. दादाच्या हातचा नमुना, त्यात काय बघायचं! बघितलं असतं तर त्याच दिवशी सगळं उमगलं असतं. तुझ्यावरच्या भरवशापायी मी माझं काम चुकवलं.

भाऊ नमुना भरतो आणि बहीण मोजते हे साहेबांना आता खटकतंय. अठ्ठावीसच्या बैठकीला मी यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तिथं आता माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. ती पेटी तुझ्या फळीवर आहे आणि तू आहेस. तू ती धुतलीस तरी मी तुला एका शब्दानं बोलणार नाही, तुझी शपथ. पण मग पाण्यात काय होतं ते कुणालाच कधी कळणार नाही. तुलाही नाही.

दुसरं काही करणार नसलास तरी एक कर. मनीच्या केसांची एक बट डोक्याशी अगदी लागून काप, मुळाकडच्या टोकाला दोरा बांध आणि पाकिटात घालून पाठव. अंगात किती पारा गेला ते केसात महिन्यामहिन्यानं उतरलेलं असतं. ते मला बघायचंय, आणि बघायची भीतीही वाटते.

रागावलास तरी तू माझा दादाच आहेस.

मुंगी


दि. ३० मार्च

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अठ्ठावीसला पेटी मांडीवर घेऊन मी गाडीवाल्याशेजारी बसलो आणि समितीपुढे गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. दारातल्या शिपायानं काम काय विचारलं, तर माझी चूक घेऊन आलोय म्हणालो. तो बिचारा गोंधळला आणि त्यानं आत सोडलं.

उभ्यानंच सगळं सांगितलं. मग अध्यक्षांनी पेटीला सील लावलं आणि तुला ज्या बाई सर्वांत जास्त हसतात, त्यांच्याच हातात दिली. पेटी त्यांच्याच प्रयोगशाळेकडून परत आलेली होती. त्यांनी एका रिकाम्या बाटलीत तुझं ते औषध घालून ती दिवसभर ठेवली. शेजारी एक नवी कोरी बाटलीही तशीच ठेवली. मी धर्मशाळेत राहिलो. काल दुपारी आकडे आले. कोऱ्या बाटलीत काही नाही. माझ्या बाटलीच्या भिंतींवर पंधरा. त्यांनी आधी पाण्यात मोजले होते चार. बेरीज मी तिथंच बोटांवर केली आणि खाली बसलो. बाईंनी मला पाणी आणून दिलं, आणि तुझी पद्धत आता त्या लिहून घेणार म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या सगळ्या बाटल्यांवर ‘बाद’ असा शिक्का बसला. एकतीस वर्षांतला पहिला, आणि त्याखाली सही माझी. नवे नमुने पुढच्या आठवड्यात. बाटलीला हात दुसऱ्याचा असेल, मी होडी वल्हवणार आहे. हे मी स्वतःच मागून घेतलं. तोवर इथले मासे खाऊ नयेत अशी पाटी आज काठावर लागली. ती ठोकायला हातोडा माझाच होता. लोक काय काय बोलले ते सगळं ऐकून घेतलं.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं की आजपासून मनीला मासा नको. ती शांतपणे म्हणाली की तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी तिनं तो बंद केला. नणंद उगाच घाबरणारी नाही, म्हणाली. मला सांगितलं असतं तर मी हट्टानं वाढायला लावला असता, म्हणून मला कळू दिलं नाही. मला जास्तीचे दोन तुकडे कुठून मिळत होते ते तेव्हा समजलं. चौघींच्या एकमतावर मी विश्वास ठेवला, आणि या घरात तुझ्यावर विश्वास फक्त तिनं ठेवला. मुंगे, तुझ्या दादाला माफ कर.

पण त्याच्या आधीचे दोन महिने आहेत. आल्यापासून मनी रोज दोन वेळा तेच खात होती, आणि बाजारातून आणत होतो मी. ते कुठल्याही औषधानं परत निघायचं नाही.

सोबतच्या पाकिटात तिची बट आहे. डोक्याशी लागून मीच कापली, मुळाकडे पांढरा दोरा बांधलाय, तू लिहिलंस अगदी तसा. या वेळी तुझा कागद दोनदा वाचला. आयुष्यभर नमुन्यांवर क्रमांक घालत आलो, या पाकिटावर मात्र तिचं घरातलं नाव लिहिलंय.

जो आकडा येईल तो खरा लिही. काही विसळलेलं नाही.

तुझा,
दादा