अनंताच्या दिवशीचा बिसी बेळे भात

लक्ष्मीपुरम, म्हैसूर
२ सप्टेंबर १९८८

चि. सौ. कुमुदा हीस,

सुगुणाक्काचे अनेक आशीर्वाद. या घरात त्यांना गिऱ्हाईक उरलेलं नाही, म्हणून सगळे तुलाच पाठवते. जपून वापर.

ब्याडगी मिरच्या पोचल्या. रंग झकास, तिखटपणा बेताचा. थेट तुमच्या धारवाडच्या माणसांच्या उलट.

आता मुख्य गोष्ट. थोरल्या काकांचा अश्वत्थनारायण आठवतो ना, लहानपणी आपल्या पानातले पापड पळवायचा तो? पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो समाजसेवा करतो, म्हणजे दुसऱ्यांनी कुठे राहायचं ते ठरवतो. नंजनगूडच्या वाटेवर त्याने आणि त्याच्यासारख्या चार रिकाम्या माणसांनी एकट्या बायकांसाठी आश्रम काढलाय. इमारत आहे, भजन आहे, फक्त बायका मिळत नाहीत. त्याने सेतूला सांगितलं की सुगुणाला आमच्याकडे दे, वातावरण सात्त्विक आहे, आणि तुझ्या घरातली नणंद-भावजयीची मुकी लढाई एकदाची संपेल. अनंताच्या पूजेला तो येणार आहे. जेवणं झाली की बसून ठरवायचं. आपला भाऊ यावर काय म्हणाला? म्हणाला, बघू. सेतूचं बघू म्हणजे दुसऱ्याचं हो. त्याचं लग्नसुद्धा असंच झालं.

मुकी लढाई म्हणे! संक्रांतीला सगळं म्हैसूर तीळ-गूळ वाटत, गोड बोला म्हणत हिंडत होतं, त्याच आठवड्यात आमच्या नागरत्नाबाई रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात गेल्या. बिसी बेळे भाताची कृती सांगितली. कांदा, लसूण, फुलकोबी, आणि वरून मूठभर तिखट बुंदी! एवढ्यावर थांबली असती तर मी रेडिओ बंद करून गप्प बसले असते. पण शेवटी म्हणते, हे सगळं मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. अम्माने! रस्त्यावरून कांद्याची हातगाडी गेली तर खिडकी लावून घेणाऱ्या अम्माने! संध्याकाळी मी तिला विचारलं, तुला सासू एकच होती ना गं? तर म्हणाली, होती तेव्हा तिचं ऐकलं, आता तुमचं लायसन घ्यायचं का?

त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं. चिडलेल्या मुलीने शिवण घेऊन बसावं, असं आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या. मी पडदे शिवले, अभ्रे शिवले, पलंगपोस विणले. आता या घरात शिवायला काही उरलेलं नाही.

एकोणसाठाव्या वर्षी बापाने बांधलेल्या घरातून मी पार्सलासारखी जायची नाही. पण जायचंच झालं, तर तुझ्याकडे एखादा कोपरा आहे का? भजन नसलेला.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त तो आटू देऊ नकोस.

तुझी अक्का
सुगुणा

*

धारवाड
९ सप्टेंबर १९८८

ती. अक्का हिला,

कुमुदाचा साष्टांग नमस्कार. आशीर्वाद मिळाले, फोडणीत पडल्यासारखे तडतडत होते.

कोपरा आहे. मागच्या खोलीत ज्वारीची पोती आहेत, ती सरकवली की तुझा पलंग मावेल. ये. पण इथे दोन्ही वेळा भाकरी असते, आणि ती माझी सून थापते. गेल्या खेपेला तू तिला म्हणालीस की या भाकऱ्या कौलांच्या जागी छान बसतील. ती ते विसरलेली नाही. मध्येच काही नसताना छताकडे बघून उसासे टाकते. तेव्हा कोपरा आहे, पण कोपऱ्याला कोपरेही आहेत.

मला एक सांग, आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून तू साऱ्या म्हैसूरची बोलणी जोडून दिलीस, आणि एका स्वयंपाकघरातल्या दोन बायकांची लाइन तुला लागत नाही? सेतुअण्णाच्या पत्रात वाचलं की हल्ली तुम्ही दोघी तुळशीशी बोलता. तू म्हणे अंगणात जाऊन मोठ्याने म्हणतेस, तुळसाबाई, कुणाचं तरी दूध उतू जातंय हो. आणि वहिनी थोड्या वेळाने तिलाच सांगतात, तुळसाबाई, ज्यांना दिसतंय त्यांना हात आहेत. अण्णाने लिहिलंय की तुळस मात्र यंदा फार छान वाढली आहे.

अश्वत्थाच्या हाती कोलीत देऊ नकोस. त्या दिवशी निदान पानात खोट निघू देऊ नका. तो जेवून तृप्त झाला की त्याला झोप येते, आणि झोपलेला माणूस कुणाला आश्रमात पाठवत नाही.

वहिनींना नमस्कार सांग. तुळशीमार्फत चालेल.

माया कमी-जास्त होऊ न देणारी,
कुमुदा

*

म्हैसूर
२५ सप्टेंबर १९८८

चि. सौ. कुमुदा हीस,

आशीर्वाद. आज तेवढेच. बाकी सगळं खारट आहे.

काल अनंताची पूजा झाली. पहाटे आम्ही दोघी न्हाऊन ओलेत्याने स्वयंपाकाला लागलो. अम्माचं ते मोठं पितळी पातेलं, नवी कलई केलेलं. तांदूळ, तुरीची डाळ आणि भाज्या तिच्याकडे. चिंच, गूळ, मसाला माझ्याकडे. असं कुणी ठरवलं नाही, ती चुलीपाशी बसली म्हणून मी पाट्यापाशी बसले. मसाल्याचं सगळं मी स्वतः भाजलं. धने वेगळे, डाळी वेगळ्या, मिरच्या तुझ्या, आणि ती मराठी मोग्गू नावाची लवंगेच्या थोरल्या बहिणीसारखी कळी शेवटी, तुपात. चिंचेचा कोळ, गूळ, मीठ आणि मसाला एकत्र करून मी पातेल्यात ओतला. वास असा सुटला की समोरच्या घरातले शास्त्री जप सोडून खिडकीत आले. देवाला दाखवण्याआधी चाखायचं नाही, हे तुला सांगायला नको. अम्माने जन्मात कधी चाखलं नाही, आणि तिच्या हातचं कधी चुकलं नाही.

पंगत बसली. अश्वत्थाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, कृतार्थ झाला. मग त्याने पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं. समुद्र, कुमुदा! नुसता समुद्र, आणि त्यात नवलकोलाच्या फोडी पोहत होत्या.

सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, सेतू, आणखी काय पुरावा हवा? भावजयीचं नाक कापायला हिने देवाच्या नैवेद्यात मीठ ओतलं. अशा बाईला औषध एकच, भजन. पितृपक्ष सरला की मी गाडी घेऊन येतो, हिची तयारी करून ठेव. सेतू ताकाच्या वाटीकडे बघत म्हणाला, बघू.

आणि ती? खांबाला टेकून उभी, पदर तोंडाला. बोलेल कशी? मी मूठभर मीठ घातलं, अम्माच्या मापाने. बाकीचं बंगालच्या उपसागरातून चालत आलं नाही. मला घराबाहेर काढायला तिने देवालाही खारट खायला घातलं. रेडिओवर जाणाऱ्या बाईला कशाची भीती असणार!

पोती सरकव.

सुगुणा

*

म्हैसूर
२६ सप्टेंबर १९८८

चि. सौ. कुमुदा,

नागरत्नाचे आशीर्वाद. अक्कांचं पत्र तुला पोचेलच. त्यात मी राक्षसीण असेन. ती वाचून झाली की हे वाच.

अनंताच्या दिवशी डाळ मऊ झाली, भाज्या शिजत आल्या, तेव्हा मी मीठ घातलं. या घरातल्या माझ्या पहिल्या अनंताला सासूबाईंनी मला हेच शिकवलं होतं. मीठ भाजीबरोबर, चिंच मागाहून. आधी चिंच पडली तर डाळ रुसते. अक्का तेव्हा एक्सचेंजमध्ये ड्यूटीवर असायच्या. सणाच्या दिवशी दुप्पट फोन येतात म्हणून पूजेला कधी वेळेवर पोचल्या नाहीत. पण अम्माचं सगळं फक्त त्यांनाच माहीत! मग त्यांनी त्यांचा कोळ ओतला, आणि पुढे काय झालं ते पंगतीने पाहिलं. विचारायचं म्हटलं तरी कसं? आम्ही दोघी सोवळ्यात आत, आणि तुळस अंगणात. हे एरवी निरोप पोचवतात, पण यांची अंघोळ झाली नव्हती.

रेडिओचंही एकदा ऐकून घे. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की श्रोत्यांना कांदा-लसूण लागतो, तेवढं घाला. घातलं. पण सासूबाईंचं नाव घेतलं ते मला घ्यायचं होतं म्हणून. मला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं, ते त्यांनी शिकवलं. यात अक्कांचं काय गेलं?

आता तो अश्वत्थनारायण. म्हणे भावजयीचं नाक कापलं! माझं नाक माझं मी बघेन. सगळ्या बायका मला येऊन बिचारी, बिचारी म्हणून गेल्या. आणि एवढ्या खारट पानावरून हा माणूस उठला नाहीच, वर तिसऱ्यांदा खीर मागितली. गाडी आणणार म्हणतो. कुणाला पाठवायचं, का पाठवायचं, हे मला कुणी विचारलेलं नाही.

आहे तशीच आठवण ठेव.

नागरत्ना

*

धारवाड
१ ऑक्टोबर १९८८

म्हैसूरच्या दोन्ही शहाण्यांना,

एकीला नमस्कार, दुसरीलाही नमस्कार. कोणता कुणाचा ते आपसांत ठरवा.

तुमची पत्रं एकाच टपालाने आली. मी ती शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि इतकी हसले की सून काढा घेऊन धावत आली. बायांनो, तुम्ही दोघीही खरं बोलताय, हीच पंचाईत आहे. वहिनींनी डाळीत मीठ घातलं. अक्काने चिंचेच्या कोळात घातलं. चाखायची बंदी देवाची होती. विचारायची बंदी कुणाची होती?

कुणी कुणाचं नाक कापलं नाही, कुणी कुणाला बाहेर काढत नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका एका पातेल्यावर वाकून, ओठ शिवून, आपापली मूठ सोडत होत्या. आणि या मूर्खपणाचा सगळा फायदा अश्वत्थाच्या पदरात. त्याच्या आश्रमाला बाई मिळाली! तुम्हाला याची लाज वाटत नसेल तर मला वाटते, मी तुमच्या वाटची वाटून घेते.

हे पत्र दोघींच्या नावे टाकलं आहे. ज्या बाईच्या हाती पडेल तिने दुसरीला मोठ्याने वाचून दाखवावं. तुळशीला नव्हे. तिने काही पाप केलेलं नाही.

अक्का, पोती मी सरकवलेली नाहीत.

कुमुदा

*

म्हैसूर
१४ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. कुमुदा हीस,

आशीर्वाद, आणि तुझ्या आगाऊपणाबद्दल त्यातून थोडे कापून घेतले आहेत.

तुझं पत्र नागरत्नाच्या हाती पडलं. तिने ते वाचलं आणि जेवताना माझ्या पानाशेजारी लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं. मोठ्याने कुणी काही वाचलं नाही. मी वाचलं, घडी घातली, बरणीखाली परत ठेवलं. म्हणजे तुझा टपालखर्च वाया गेला, असं मला वाटलं. सेतूच्या बघूवर मी कुणाच्या घरात राहणार नाही, म्हणून मी ट्रंक भरली आणि स्वतः ओढत खाली आणून जिन्यापाशी ठेवली.

नवरात्र बसल्याच्या दुसऱ्या दिवशी अश्वत्थ आला. सोबत ड्रायव्हर आणि आश्रमाचं छापील भजनांचं पुस्तक. दसऱ्यासाठी पायऱ्यांवर मांडलेल्या राजा-राणीच्या बाहुल्यांसमोर खुर्ची टाकून बसला आणि नागरत्नाला म्हणाला, वहिनी, आजपासून हे घर तुमचं, सुखाने राहा.

ती आतून पळी घेऊनच बाहेर आली. म्हणाली, भावजी, माझं घर मला देणारे तुम्ही कोण? त्या दिवशी मीठ अक्कांनी घातलं, मीही घातलं. तुम्ही आमच्या घरचं दुप्पट मीठ खाल्लंत आणि निम्म्यालासुद्धा जागला नाहीत. जड वाटलं तर पानावरून उठायचं होतं, खीर कशाला ओरपत बसलात? तो म्हणाला, अहो, तुमच्याच भल्यासाठी! तर म्हणते, माझं भलं? अक्का गेल्या तर मी भांडू कुणाशी? ह्यांच्याशी? ह्यांच्याशी भांडायला गेलं तर हे बघू म्हणतात! ते भजनाचं पुस्तक तुमच्या बायकोला द्या, तिला जास्त गरज आहे.

अश्वत्थाने सेतूकडे पाहिलं. सेतू म्हणाला, अश्वत्था, तुझी कॉफी निवतेय. कुमुदा, सेतूच्या मानाने हे बंडच म्हणायचं. गाडी आली तशी रिकामी गेली.

तो गेल्यावर आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. शिवायला काही हाताशी नव्हतं. शेवटी मी तिला म्हटलं, बाहुल्यांतल्या राजाचं तोंड भिंतीकडे केलंस तू. ती म्हणाली, असू दे, घरातल्या पुरुषांना समोरचं दिसून तरी काय उपयोग? तेव्हापासून बोलणं चालू आहे, आणि ते गोड असतं असा गैरसमज करून घेऊ नकोस. कांद्याबद्दल तिने माफी मागितलेली नाही. अनंताच्या दिवशी मीठ आधी घालायचं, हे मी मान्य केलेलं नाही. अम्माला घरी दोन शिष्या होत्या आणि तिने एकीला दुसरीबद्दल सांगितलं नाही, एवढंच मी म्हणेन.

तुझ्या सुनेला सांग, भाकऱ्या चांगल्या होत्या. कौलं म्हणालेच होते, तर तो टिकाऊपणाचा गौरव समजावा.

खाली नागरत्नाला दोन ओळी लिहायच्या आहेत. कागद ओढतेय. जो काही लोभ असेल तो आता दोघींत वाटून पाठवत जा.

सुगुणा

ता. क. वर लिहिलेल्यातलं निम्मं चढवून सांगितलं आहे, मी पळी उगारली नव्हती. अक्कांची ट्रंक मी परत वर नेली. संक्रांतीनंतर पहिल्यांदाच त्या खोलीत गेले. पलंगाशेजारी बादली, कपाटापाशी परात, उशाशी लोटा. पावसाळाभर छत गळतंय, आणि मला सांगितलं नाही, कारण सांगायला बोलावं लागलं असतं. ओल्या पांघरुणात झोपणाऱ्या या बाईला म्हणे कॉन्व्हेंटात शहाणपण शिकवलं! उद्या गवंडी येतोय. कालपासून त्या खाली माझ्या खोलीत निजतात. घोरतात.

नागरत्ना