राहेलने ठेवलेलं नाव

तीर्थरूप बाबा, तुम्हाला आणि तुमच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोली कोरडी आहे. घरमालकीण माझं दूध चोरून पिते असा मला संशय आहे, पण बाई प्रेमळ आहे.

सध्या एका यहुदी प्रार्थनागृहाच्या दारावर त्यांचा मूळपुरुष याकोब याच्या बारा मुलांची नावं कोरतोय. तिथले म्हातारे गुरुजी प्रत्येक नावाचा अर्थ सांगतात. शेवटच्या नावापाशी ते थांबले. म्हणाले, "याची आई राहेल बाळंतपणात गेली. जाता जाता तिने मुलाला बेनोनी म्हटलं, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र. बापाने ते बदलून बन्यामीन केलं, उजव्या हाताचा पुत्र. वंशावळीत बापाने ठेवलेलंच नाव चालत आलं."

मला वाटलं, थापा मारताहेत. म्हणून त्यांच्या सुनेला वेगळं गाठून विचारलं. तीही तेच म्हणाली.

बाबा, माझीही आई मला जन्म देताच गेली. माझं हे हसरं नाव तिनेच ठेवलं, असं तुम्ही सांगत आलात. मरणाऱ्या बाईला असं नाव सुचतं? एकदा आत्या "वहिनी तर याला..." एवढंच म्हणाली, आणि तुम्ही तिला चहा टाकायला पिटाळलंत. चहा तर नुकताच झाला होता.

मी रागावलेलो नाही. गुडघ्यांना तेल लावता ना? आत्या बरी आहे ना?

आईने मला काय म्हणून हाक मारली, तेवढं कळवा. तोवर खाली नाव घालत नाही.

काही झालं तरी तुमचाच,
उजवा हात