स्टुलापुरती युनियन

यशवंतपूर, ९ जून

ती. सौ. मनस्विनी अक्कास, प्रणीतचा शि. सा. न. वि. वि.

ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये असतो आणि मी सुटतो तेव्हा तू झोपलेली, म्हणून पत्र.

आमच्या साड्यांच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक असो नसो, उभंच राहायचं. माझ्या काउंटरवरच्या श्रीविद्याला सहावा महिना आहे, सुजलेले पाय चपलेत मावत नाहीत. मागे एक स्टूल द्या, एवढीच आमच्या युनियनची मागणी. पण युनियन नोंदवायला सात सह्या लागतात, ती सात माणसं जमवतो तोवर दोघं दुसऱ्या मॉलमध्ये लागतात. आमच्यातल्या गिरीराजला कंपनीने टीम लीडर केलं, तर तो आता आम्हालाच नीट उभे राहा म्हणतो. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तर त्यातले विनोद मॅनेजर गुरुराजसाहेब आम्हालाच सांगतात. वैताग आलाय. परवाच्या मीटिंगला मलाच उशीर झाला. येलहंक्याला विमानं बघत थांबलो होतो, पण ते वेगळं.

आईचे गुडघे कसे आहेत? लोभ ठेव, शिव्या स्वल्प कमी दे.

तुझा प्रणीत

बेळगाव, १६ जून

चि. प्रणीत यास अनेक आशीर्वाद.

आई आधी हसली, मग घाबरली. तबला सोडलास, आयटीआय सोडलीस, कुरिअर झालं, कॅब झाली. आणि टिकवायला काय सापडलं, तर युनियन. त्या पोरीला स्टूल मिळायलाच हवं, पण नोकरी गेली तर तू खाणार काय? तुझ्या भावजींनी पैज लावलीय, महिन्याभरात हेही सोडशील. मी त्यांच्याच बाजूने आहे.

जेवत जा, आणि खरं तेच कळव.

अक्का

देवनहळ्ळी, २१ जुलै

ती. अक्कास सा. न. वि. वि.

स्टूल आलं. शनिवारच्या गर्दीत आम्ही सात जण गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. गुरुराजसाहेब धावत आले, तर एक आजीच त्यांना म्हणाल्या, "बसू दे की पोरांना, साड्या कुठं पळून जातात?" सोमवारी श्रीविद्या स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली.

त्याच संध्याकाळी मीटिंगला मी एकटा. सगळ्यांचं एकच, स्टूल मिळालं ना, सरी, झालं तर मग, आता कसली मीटिंग? आठवड्याने माझी इथल्या शाखेत बदली झाली. कंटाळून आपणच जाईल, हा साहेबांचा हिशेब. चुकीचा नव्हता, मी राजीनामा लिहूनही ठेवला होता.

पण इथे पहिल्याच दिवशी पाहिलं, एक मुलगी खांबाला टेकून बगळ्यासारखी एक पाय वर घेऊन उभी. काउंटरमागे एकही स्टूल नाही.

सात माणसं शोधतोय. दोन मिळाली, त्यातलं एक पुढच्या महिन्यात सोडणार आहे. भावजींना सांग, पैजेची मुदत वाढवा. आयुष्यात पहिल्यांदाच मी तीच गोष्ट दुसऱ्यांदा करतोय.

आईला नमस्कार. तुझा लोभ माझ्या मागे इथवर येऊ दे.

प्रणीत