खंडेनवमीचं उपरणं

सिकंदराबाद, ५ ऑक्टोबर २०२४

ती. नरहरदादास विमलचा सा. न. वि. वि.

भामावहिनी फोन स्पीकरवर टाकते, म्हणून हे पत्र. माझ्या नेहाच्या लेकीचं बारसं पाडव्याला ठरलंय आणि तिचा पाळणा अजून तुझ्या लाकडातच आहे म्हणे. रिटायर झाल्यावर सुतारकाम शिकलास, छान झालं. पण आल्यागेल्याला चष्मा लावा, बाह्या वर करा, ही तुझी शिकवणी ऐकून लोक परेशान झालेत. खंडेनवमीला मशीनची पूजा तरी रीतसर कर. पँट-शर्टात नक्को. बाबांसारखं उपरणं घे आणि शकुनाला मशीन एकदा चालव.

मजवरचा लोभ आहे तेवढा पुरे, पाळण्याचा वेग वाढव.

तुझी विमल

अंबरपेठ, १३ ऑक्टोबर

चि. सौ. विमलस अनेक आशीर्वाद.

परवा सगळं तुझ्या हुकुमाप्रमाणे केलं. पॉलिशचे, टर्पेंटाइनचे डबे अंगणात नेले, मगच निरांजन लावलं. चष्मा, मास्क, सगळं चढवलं. भामा म्हणाली, देव ओळखायचा नाही. लाकूड कातायच्या लेथला झेंडूची माळ घातली, वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्याच बटण दाबलं. माळ गरकन फिरली, तिच्यात उपरण्याचं टोक गेलं आणि मी मानेनिशी मशीनकडे ओढला गेलो. भामाने हातातलं ताट टाकून मेन बंद केला. मान सोलली आहे, बाकी ठीक.

तेव्हापासून मशीनच्या खोलीला कुलूप आणि किल्ली तिच्या कमरेला. माझ्याशी बोलतही नाही. पाळण्याचे दांडे कातायचे राहिलेत गं. तू समजाव, तुझंच ऐकते ती.

लोभ असतोच, या खेपेला थोडी वकिलीही असू दे.

तुझा दादा

सिकंदराबाद, १६ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

देव ओळखायचा नाही, इथवर हसले. पुढचं दोनदा वाचलं. वकिली करायलाच वहिनीला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "ह्यांना ओढलं जाताना मी पाहिलंय, विमल. तू सांग, देऊ किल्ली?"

मला हौ म्हणवेना. दोघी नुसत्या रडत बसलो. शेवटी मीच तिला म्हटलं, देऊ नको. पाळणा मी इथल्या बाजारातून आणते. तुला राग येईल, येऊ दे. पोर कुठल्याही पाळण्यात झोपेल. पहिला झोका मात्र तिच्या मामाआजोबानेच द्यायचा आहे.

मानेला हळद लाव. लोभ राहू दे, दादा, आणि तूही राहा.

तुझी विमल