टिकलीची दुसरी तपासणी

प्रिय प्रविण,

टिकली बरी आहे, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचायच्या आतच तू कागद भिरकावशील. मुद्दाम फोन केला नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला सगळं सांगायचं आहे.

ती बादलीभर पाणी पिऊन घरभर मुतायला लागली, पाठीवरचे केस विरळ झाले, तेव्हा परत लादी ओली दिसली तर हायवेला सोडून येईन, असं तू म्हणालास. चिंचणीच्या बंदरावरून कुत्रीचं एवढंसं पिल्लू डब्याच्या पिशवीत घालून तूच आणलं होतंस, म्हणून मला ती नुसती धमकी वाटली. मग एका संध्याकाळी तू खरंच तिला गाडीवर बसवायला लागलास, आणि मी तिला उचलून डहाणूच्या डॉक्टर हर्षदांकडे पळाले.

त्यांना हार्मोनच्या आजाराची शंका आली. म्हणाल्या, "सकाळची पहिली लघवी घरीच धरा. दवाखान्यात कुत्रा घाबरला तरी हा हार्मोन वाढतो, मग खरं काय ते कळत नाही." ती बसली की मागून पळी सरकवायची! ती आमटीची पळी आहे हे तुला दिसलं आणि पुढे जे झालं ते शेजारच्या संगितावहिनींनीही ऐकलं. पळी अंगणात, टिकली पलंगाखाली, मी भिंतीशी. तरी दुसऱ्या सकाळी मी नमुना धरलाच. आजार आहे हे कागदावर आल्याशिवाय तू ऐकणार नव्हतास.

मुंबईच्या लॅबमधून हार्मोनचा आकडा वाढलेला आला. खरं सांगते, मला हायसं वाटलं, कारण आजार म्हणजे तिचा दोष नाही. पण तेवढ्यावर गोळ्या द्यायला डॉक्टर तयार होईनात. घरात भांडणं, आरडाओरडा असं काही असतं का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. "हिला जरा दुसरीकडे नेऊन ठेवा, रुळली की पुन्हा नमुना आणा," म्हणाल्या. तळासरीला आईकडे तपासणीपुरती जाते, असं मी तुला सांगितलं ते तेव्हा खरंच होतं.

"मानसाला दवाखाना मिलत नाय, न कुत्रीचा मूत मुंबईला धाडता?" म्हणून आई पोट धरून हसली. टिकली आता शेताच्या बांधावर उताणी झोपते. पाणीही बेतानं पिते. दारात कुणाची मोटारसायकल थांबली की पहिल्यांदा ती खाटेखाली घुसायची, आता नुसती मान वर करते. मला मात्र अजून हातातलं भांडं खाली ठेवावं लागतं.

काल दुसरा निकाल आला. आकडा अगदी ठीक. तो आजार नाहीच, डॉक्टर म्हणाल्या, आणि मी तिथेच बाकावर बसून रडले. मग घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मला तुझी भीती वाटते, प्रविण. रविवारी तू आम्हाला न्यायला येणार आहेस, म्हणून आज हे लिहिलं. येऊ नकोस. आम्ही दोघी इथेच राहणार आहोत.

आजवर तुझी असलेली,
सुषमा