बन्सीच्या वाट्याची सिगार

दातिवरे,
सोमवार, दुपारची जेवणं उरकून

चि. दर्पण यास गोमामामाचे पोटभर आशीर्वाद.

तू खुशाल असशील, बोटीवर भात वेळेवर मिळत असेल आणि त्यावर आठवड्यातून एकदा तरी मासळी पडत असेल, असं धरून चालतो. (भर समुद्रात राहून तुम्ही डब्यातली मासळी खाता हे तुझ्या बोटीवरच्या रूपेशने सांगितलं, तेव्हा तुझ्या मामीने कपाळाला हात लावला.) आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण आम्ही खुशाल नाही. तुझा बाप, आपला बन्सी, गेल्यापासून तुमच्या ओट्यावर बसवत नाही. मी रोज संध्याकाळी सवयीने तिकडे निघतो आणि अर्ध्या वाटेत आठवतं की आता भांडायला कोणी नाही.

‘मामा, सिगार कशी होती?’ असं तू फोनवर तीनदा लिहून विचारलंस. माझ्या अंगठ्याखाली चार अक्षरं एकदम दाबली जातात, म्हणून कागदावर लिहून रूपेशजवळ देतोय. तो परवा बोटीवर चढायला निघतो आहे. तुझी आई तुझा फोन का उचलत नाही, तेही याच पत्रात येईल, कारण दोन्ही प्रकरणं एकच आहेत.

तू बापाची होडी सोडून मोठ्या बोटीवर गेलास, तेव्हापासून बन्सीने तुझं नाव घेतलं नाही. ते मिटावं म्हणून तू त्याच्यासाठी ती सिगार धाडलीस. चांगलं केलंस. पण रूपेश बोईसरला उतरला तोवर बन्सी गेला होता. अंत्ययात्रा तू फोनवर बघितलीस, म्हणजे बघायची तुझी इच्छा होती. फोन माझ्या हातात होता आणि मी रडत होतो, त्यामुळे तुला बापाऐवजी बराच वेळ माझी हनुवटी दिसली असं ऐकलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता बाराव्याचं. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या बायकोच्या भावाला बसवतात. त्याचा सदरा घालायचा, त्याच्या आवडीचं जेवायचं, त्याचं व्यसन करायचं, आणि घरच्यांनी विचारलं तर त्याच्या वतीने उत्तर द्यायचं. पाटावरून उठेपर्यंत तो माणूस तोच. जेवणात माझी तक्रार नव्हती. तुझ्या आईने, आमच्या शकूने, खाडीतल्या निवटीचं कालवण असं केलं होतं की बन्सीच्या नावाने मी तीनदा भात घेतला. मग विडीची वेळ आली, आणि शकू म्हणाली की पोराने परदेशातून धाडलंय तेच द्या. (मी जन्मात विडीसुद्धा ओढलेली नाही. बन्सीला मी आयुष्यभर याच गोष्टीवरून बोललो. तो वर बसून हसला असणार.)

सिगारीबद्दल माझं मत असं. दिसायला आखूड, जाड, काळपट. एवढ्याशा गोष्टीला अंगठ्याएवढा जाडपणा कशासाठी, हे मला कळलं नाही. पान मात्र तेलकट, मऊ, आणि गुंडाळणाऱ्याचा हात साफ होता. वासाला गूळ आणि जुनी चामडी वहाण. टोक कापायला काही मिळेना, तेव्हा तुझ्या आईने मासे कापायची कोयती घेतली, त्यामुळे पहिली चव बोंबलाची आली. ती तुझ्या दुकानदाराच्या चवींच्या यादीत नसेल. काडीने पेटेना म्हणून चुलीतला निखारा लावला. पहिले दोन झुरके खरं सांगतो, बरे लागले. करपलेला गूळ, मागाहून मिरी, आणि जिभेवर बिनसाखरेच्या कॉफीचा कडूपणा. मला वाटलं, बन्सीला आवडली असती. ते वाटल्यावर डोळे भरून आले, आणि त्या भरात तिसरा झुरका मी विडी ओढतात तसा सगळा छातीत घेतला. (‘धूर आत घ्यायचा नाही’ हा तुझा मेसेज शेजारच्या भावेशने मला दुसऱ्या दिवशी वाचून दाखवला.)

नेमक्या त्याच वेळी शकू समोर येऊन बसली. जन्मापासून मला दादा म्हणणारी माझी बहीण पदर डोक्यावर घेऊन मला म्हणाली, “अवो, पोरगा आला तं घरात घेऊ ना त्याला?”

दर्पण, मला हो म्हणायचं होतं. पण छातीत धूर अडकला होता. ठसका लागला, आवाज फुटेना, आणि खोकता खोकता मान जोरजोरात डावी-उजवीकडे हलली. वर हातही हलले, कारण मी पाणी मागत होतो. सगळी आळी बघत होती. नवशाकाका म्हणाले, “बन्सी नाय बोलला.” कोणीतरी पाणी आणलं. ते पिऊन मी ओरडलो की तो खोकला होता, पण ओरडण्याआधी मी उठून उभा राहिलो होतो. पाटावरून उठल्यावर मी गोमा. गोमाला कोण विचारतो? आता पुन्हा पाट मांडायचा तो वर्षश्राद्धाला. मी घरोघर जाऊन सांगितलं. लोक ऐकून घेतात, चहा देतात, आणि म्हणतात, बन्सी जिवंतपणीसुद्धा असाच होता.

म्हणून तुझी आई फोन घेत नाही. बापाने नाही म्हटलं, मग ती कशी हो म्हणणार? तू मनाला लावून घेऊ नकोस. दोष सिगारीचा आणि माझा आहे, बन्सीचा नाही.

तुझाच,
गोमामामा

ता. क. उरलेली अर्धी सिगार तुझ्या मामीने सुक्या मासळीच्या पिंपात टाकली. कीड गेली. हा गुण तुझ्या दुकानदाराला कळव.

ता. क. दुसरा. पत्र बंद करण्याआधी शकू आली आणि काय लिहितोस म्हणाली. मी वाचून दाखवलं. खोकल्याजवळ आल्यावर ती म्हणाली, “दादा, इतकी वरसं त्यांच्या खोकल्याशेजारी निजली मी. खोकला कंचा नि ‘नाय’ कंचा, मना कलत नाय का?” मग फोन का घेत नाहीस, असं मी चिडून विचारलं. तिने पदर खोचला. मग म्हणाली, “फोन घेतला तं तो फोनवरच बोलून घेल. नाय घेतला तं येल.” आणि सुकत घातलेले बोंबील उलटायला गेली. हे तुला कळवलं म्हणून तिला सांगू नकोस. फोन करत राहा, ती घेणार नाही, आणि रजेचा अर्ज आजच दे.